वाटण्याआधी विचारणारे बिराजदार सर

बिराजदार सरांची आणि माझी पहिली भेट सोलापूरच्या तंत्रनिकेतनाच्या प्रयोगशाळेत झाली. मी नवा अधिव्याख्याता, लिनक्स या मुक्त संगणकप्रणालीविषयी चार गोष्टी वाचून आलेला, त्यामुळे अंगात भलताच उत्साह. "सर, लिनक्सवर सगळं फुकटच की!" मी म्हणालो. सरांनी शांतपणे चष्मा पुसला. "तुम्ही विणकराच्या घरचे ना? पाहुण्याला चादर पांघरायला दिली, म्हणजे तिचं डिझाइन त्याच्या मागावर चढवायची मुभा दिली का?" त्या दिवसापासून मी सरांचा शिष्यच झालो.

सर निवृत्त झाले, पण घरी बसले नाहीत. गावोगावच्या शाळांतले जुने संगणक पुन्हा चालू व्हावेत म्हणून त्यांनी आम्हा सहकाऱ्यांना हाताशी धरले आणि मराठीतून चालणारे लिनक्स पेन ड्राइव्हवर तयार करून घेतले. लिनक्सच्या प्रती वाटायला कोणाची ना नसते. अडचण आली ती प्रिंटरची. शाळांना देणगीत मिळालेल्या प्रिंटरचा ड्रायव्हर, म्हणजे तो चालवणारे सॉफ्टवेअर, प्रिंटर बनवणाऱ्या कंपनीच्या मालकीचा होता. तिच्या संकेतस्थळावर लिहिले होते, 'मोफत, लिनक्ससोबत देता येईल'. ड्रायव्हरसोबतच्या परवान्यात मात्र 'इतरांना वाटू नये' अशी अट होती. आता खरे काय मानायचे?

वाटपाचा कार्यक्रम ठरलेला, पाहुणे बोलावलेले, शाळांच्या परीक्षा तोंडावर. सोयीचे आहे ते मानू, असे आम्ही सगळे एका सुरात म्हणालो. मी तर जरा चिडूनच बोललो, "सर, सोलापुरात कोण बघायला येतंय?"

"आपण बघतोय की," सर म्हणाले. त्यांनी पेन ड्राइव्हवरून ड्रायव्हर काढायला लावला, कंपनीला ईमेलने विचारणा केली आणि प्रिंटर सध्या चालणार नाहीत हे व्यासपीठावरून स्वतः सांगितले. टाळ्या यथातथाच पडल्या. मला फार वाईट वाटले.

पण शाळांची कामे अडवून ठेवतील ते सर नव्हेत. ज्याने त्याने आपल्या वापरासाठी ड्रायव्हर उतरवून घ्यायला परवान्याची हरकत नव्हती. मग सर एसटीने एकेका शाळेत गेले. होटगीकडच्या शाळेत मी सोबत होतो. सरांनी मोबाइलवरून इंटरनेट जोडून दिले, मुख्याध्यापकांना अटी मराठीत, जिथे अडले तिथे कन्नडमध्ये समजावल्या आणि 'मान्य आहे'च्या बटणापाशी हात मागे घेतला.

"तुमीच दाबा की सर, आमाला काय कळतंय त्यातलं?" गुरुजी म्हणाले.

"न्हाय गुरुजी. शब्द तुमचा हाय, बोट बी तुमचंच पायजे."

गुरुजींनी बटण दाबले. शाळेचे नाव छापलेले पहिले पान प्रिंटरमधून सरकत बाहेर आले, तेव्हा मुलांनी केलेला गलका कार्यक्रमातल्या टाळ्यांना भारी होता.

काही महिन्यांनी कंपनीचे उत्तर आले. दोन्हीकडचा मजकूर जुळत नाही हे त्यांनी मान्य केले, परवाना दुरुस्त केला आणि लिनक्ससोबत ड्रायव्हर वाटायला सगळ्यांनाच मोकळीक दिली. याआधी कोणी विचारलेच नव्हते, असेही लिहिले होते. आज कुठल्याही देशातला माणूस तो ड्रायव्हर निर्धास्तपणे वाटू शकतो. त्यामागे सोलापूरच्या एका निवृत्त मास्तरांचा हट्ट आहे, हे त्याला ठाऊक नसेल. आम्हाला ठाऊक आहे आणि त्याचा आम्हाला मनस्वी अभिमान आहे.

सरांनी आता पंचाहत्तरी गाठली आहे. त्यांना उदंड, निरोगी आयुष्य लाभो आणि त्यांचे गुडघे एसटीच्या पायऱ्यांना पुरून उरोत. ही शुभेच्छा वाचणाऱ्याने हवी तितक्यांना वाटावी. सर, काळजी नसावी, लिहिणाऱ्याची परवानगी आहे.