सुजातला बघायला आलेला पाहुणा

त्या शनिवारी मी इथे जर्मनीत, बॉबलिंगेनच्या आमच्या इमारतीचा जिना पुसत होते. त्या आठवड्याची पाळी आमची. तेवढ्यात सुजात तीन-तीन पायऱ्या गाळत वर आला. बादली वाचली, हे नशीब! पण त्यानंतर मी जो घोळ घातला, तो ऐकण्याआधी चहा संपवा. नाहीतर ठसका लागायचा.

सुजात माझा मुलगा. वय अठरा, उंची सहा फूट दोन इंच. इथल्या क्लबात अमेरिकन फुटबॉल खेळतो. तेच ते, हेल्मेट घालून एकमेकांच्या अंगावर धावून जायचं!

"ममा, अमेरिकेतल्या एका कॉलेजचा माणूस मला बघायला घरी येतोय. गुरुवारी!"

"कोणाच्या खर्चाने?"

"कॉलेजच्या! खेळाडू शोधायला त्यांचा एक जर्मन माणूस युरोपभर फिरतो. विमान, हॉटेल, गाडी, सगळं तेच देतात. गान्स नोर्माल!"

नॉर्मल? मला बघायला आलेली मंडळी एसटीने आली होती, आणि पोहे खाऊन नकार पोस्टकार्डावर कळवला होता!

मी इंगोलश्टाटला भावजींना फोन लावला. ते गाड्यांचे इंजिनिअर, त्यामुळे त्यांना जगातलं सगळंच कळतं.

"अहो वहिनी, एका पोरावर एवढा पैसा ओततात, ते घर तपासल्याशिवाय राहतील? कुठे झोपतो, काय खातो, सगळं बघणार!"

खरं सांगू? सुजातने जावं असं मला वाटत नव्हतं. दोन वर्षांपूर्वी हे गेले, तेव्हापासून घरात आम्ही दोघंच. पण हे त्याला कुठल्या तोंडाने सांगायचं?

गुरुवारी सुजात शाळेत. दहाला बेल वाजली. दारात पन्नाशीचा गृहस्थ, खांद्याला बॅग, हातात टॅबलेट. "गुटन मॉर्गन" म्हणाला आणि थेट सुजातच्या खोलीत! पलंगामागे वाकला, काहीतरी टिपलं. मग हॉल. मग चक्क बाथरूम, तेही बेसिनखाली डोकं घालून!

भावजी, मानलं तुम्हाला.

मी त्याला बळेच बसवलं. पोहे, चहा पुढे केला. तो खुशीत खात होता, आणि मला वाटलं, हीच वेळ.

"मुलगा गुणी आहे हो," मी म्हटलं, "पण सुट्टीच्या दिवशी अकराच्या आत उठत नाही."

"माझाही नाही उठत," तो म्हणाला.

"थंडीत याचा गुडघा दुखतो. आणि माझ्या हातचं नसलं तर जेवत नाही. परक्या देशात कसा राहील?"

"आख, पोरं राहतात हो. आपल्यालाच जमत नाही."

त्याने टॅबलेट पुढे केला. खोलीवार आकडे! सुजातच्या खोलीला सगळ्यात जास्त, स्वयंपाकघराला सगळ्यात कमी. पोहे खाऊन वर कमी मार्क? मी रागारागात सही ठोकली. दार लागलं आणि मग मी भानावर आले. कशावर केली मी सही? पोरगा दिला, की त्याचं वाटोळं केलं?

दीडला सुजात आला. तो गृहस्थ कागदी प्रत ठेवून गेला होता, ती मी पुढे केली.

"ममा, हा हायत्सुंगचं, खोलीखोलीतल्या हीटरचं मीटर वाचणारा! खाली दारावर नोटीस होती ना? कॉलेजवाला पाचला येतोय."

इतकं हलकं मला दोन वर्षांत वाटलं नव्हतं. माझी सगळी चहाडी रेडिएटरच्या खात्यात जमा!

स्वयंपाकघरात मी दिवसभर शेगडीपाशी. तिथला हीटर लावतो कोण? तेच ते कमी मार्क.

पाचला खरा पाहुणा आला. त्याने एकही खोली बघितली नाही. चहा पिऊन एवढंच विचारलं, "आई म्हणून तुमचं काय म्हणणं?"

माझं सगळं म्हणणं सकाळीच मीटरवाल्याला सांगून संपलं होतं. म्हटलं, "मुलगा चांगला आहे. न्या."

सकाळी मी काय काय बोलले, ते सुजातला अजून सांगितलेलं नाही.