ओली पळी आणि ह्युईचं शिसं

रिटायर झाल्यावर माझं पहिलं पोस्टिंग आयर्लंडमधल्या लेटरकेनीला झालं. साल २००३, महिना मार्च. ऑर्डर मुलीची होती. वैशाली तिथल्या हॉस्पिटलात डॉक्टर. तिचं म्हणणं, साताऱ्यात बसून बाबा आईची कवायत घेतात, त्यापेक्षा दोघांनी काही महिने इकडे यावं. मी आणि आमच्या मंडळी हजर झालो.

रुटीन तीन दिवसांत बसलं. सहाला उठणे, साडेसहाला चहा, सातला फिरणे. पाऊस थांबल्यावर निघू, हा विचार पहिल्याच आठवड्यात सोडला. तिथे तो थांबत नाही.

शेजारी ह्युई राहायचा. आयरिश आर्मीतला निवृत्त सार्जंट, वय त्रेसष्ट, एकटा. चौथ्या दिवशी कुंपणावरून त्यानं विचारलं, "सोल्जर?"

"अठ्ठावीस वर्षं. सुभेदार मेजर. आर्मरर."

आर्मरर म्हणजे हत्यारं दुरुस्त करणारा. पण त्यातलं 'मेजर' तेवढंच त्यानं उचललं. मी दोनदा दुरुस्ती केली, मग नाद सोडला. आपण मागितलेलं नसलं तरी प्रमोशन ते प्रमोशन.

ह्युईच्या शेडमध्ये एक विजेची शेगडी होती आणि तिच्यावर लोखंडी भांडं. त्यात तो शिसं वितळवून रायफलच्या गोळ्या ओतायचा. शिसं जुन्या छपरांचं. वर आलेली मळी काढायची, पळीनं साच्यात शिसं ओतायचं, थांबायचं, साचा उघडायचा. चकचकीत गोळी टपकन खाली टॉवेलवर. आयर्लंडमध्ये घरी काडतूस भरायला बंदी होती. म्हणून तो नुसत्या गोळ्या ओतायचा आणि सीमेपलीकडे उत्तर आयर्लंडात मित्राच्या नेमबाजी क्लबात द्यायचा. तिथे परवान्यानं काडतुसं भरली जायची आणि टार्गेटवर उडवली जायची. हरणाची शिकारही तो करायचा, पण त्याला दुकानातलं काडतूस.

"हरणाला खात्रीची गोळी लागते, मेजर," तो म्हणायचा. "कागदाला माझी चालते."

मी रोज दहाला त्याच्या शेडमध्ये रिपोर्ट करू लागलो. एकाच गोष्टीवर वाद झाला. तो म्हणाला, डोळ्यांना गॉगल. मी म्हणालो, अठ्ठावीस वर्षांत लावला नाही.

"इथला सीओ कोण?"

मी गॉगल लावला.

एका शनिवारी दहा वाजून वीस मिनिटांनी त्याच्या पळीचा दांडा तुटला. भांडं शिशानं भरलेलं, साचा तापलेला.

"पाच मिनिटं," मी म्हणालो आणि घरी गेलो. स्वयंपाकघरातल्या कपाटाला वैशाली तिथल्या लोकांसारखं 'प्रेस' म्हणायची. त्यात आमच्या मंडळींची फोडणीची पळी होती, साताऱ्याहून आणलेली, लोखंडी. नुकतीच धुऊन ठेवलेली.

"कशाला?" मंडळींनी विचारलं.

"काम आहे."

"आमटीला फोडणी द्यायचीय. अकराच्या आत पाहिजे."

आता कबुली देतो. वर्कशॉपात वितळलेल्या धातूचं काम आलं की प्रत्येक नव्या बॅचला मी पहिला धडा हाच द्यायचो. पाणी आणि वितळलेलं शिसं यांची भेट होऊ द्यायची नाही. थेंबाची क्षणात वाफ होते आणि ती सगळं शिसं वर फेकते. ओली पळी आणणाऱ्या जवानाला मी ती डोक्यावर धरून ग्राउंडला तीन चकरा मारायला लावल्या आहेत. तोच मी, धुतलेली पळी घेऊन, पावसातून चालत आलो आणि ती थेट भांड्यात बुडवली.

आवाज रायफलसारखा झाला. भान आलं तेव्हा मी जमिनीवर पालथा होतो, हात डोक्यावर. शेजारी ह्युई, त्याच पोझिशनमध्ये. मध्ये गवत कापायचं मशीन.

"मेजर?"

"ओके. तू?"

"ग्रँड."

ग्रँड म्हणजे तिकडे ठणठणीत. तो ग्रँड नव्हता. डाव्या मनगटावर भाजलं होतं. टोपीवर शिशाचे ठिपके, छत चांदी लावल्यासारखं. माझी डावी मिशी गेली होती. मी गॉगल काढला. उजव्या काचेवर, बरोबर डोळ्यासमोर, रुपयाएवढा शिशाचा डाग होता. तो मी थोडा वेळ पाहिला. ह्युईनंही पाहिला.

दहा एकतीसला मी फोन लावला.

"वैशाली, बाबा बोलतोय. कॅज्युअल्टी दोन. एक मनगट, भाजलेलं. एक मिशी."

"डोळे? बाबा, दोघांचे डोळे?"

"शाबूत."

"हात गार पाण्याखाली धरा. वीस मिनिटं, घड्याळ लावून. मग दोघंही इकडे या."

"रॉजर."

"आणि आईला मी सांगणार नाही. ते तुम्ही."

हॉस्पिटलात नर्सनं कारण विचारलं. ह्युईनं माझ्याकडे बोट केलं. "युअर मॅननं ओला चमचा बुडवला." युअर मॅन म्हणजे तिकडे 'हा गृहस्थ'. नर्सनं ते तसंच लिहून घेतलं.

परतताना पट्टी बांधलेल्या हातानं तोच गाडी चालवत होता. वाटेत म्हणाला, "लेबनॉनला होतो. यूएनबरोबर. गोळे पडायला लागले. मी असाच पडलो. माझा जोडीदार डेक्लन एक सेकंद उशिरा पडला."

मी म्हणालो, "माझा एक नाईक होता. आमच्या उत्तर सीमेवर, पुढच्या पोस्टवर. मी 'डाउन' ओरडलो. टेबलावर दुरुस्तीची मशीनगन होती, चार वाजता पिकेटच्या चौकीवर पोचवायची. तो ती उचलायला मागे वळला."

"वय?"

"सव्वीस."

ह्युईनं मान हलवली.

घरी मंडळींनी माझ्या तोंडाकडे पाहिलं, मग पळीकडे. तिला शिशाचा मुलामा चढला होता. संध्याकाळी वैशालीनं निकाल दिला. "आई, शिसं विषारी असतं. ही पळी आता घरात नको."

"बरं," मंडळी म्हणाल्या. "आणि ह्यांचं काय करायचं?"

तीन आठवड्यांनी ह्युई मला सीमेपलीकडच्या क्लबात घेऊन गेला. मी पाहुणा, मागे उभा. आम्ही ओतलेल्या पाच गोळ्यांची काडतुसं भरून तयार होती. तो रायफलमागे आडवा झाला आणि हळूच म्हणाला, "डेक्लनसाठी." मग मान वळवून विचारलं, "तुझ्या माणसाचं नाव काय?"

"नाईक पांडुरंग मोहिते."

"पँडी रँग."

"पांडुरंग."

"पंडुरॅन्."

रेंज ऑफिसरनं विचारलं, "रेडी?"

"थांब," ह्युई म्हणाला. ऑफिसर थांबला. शेजारचे दोघं नेमबाजही थांबले. तिसऱ्यांदा चुकलं. चौथ्यांदा त्यानं अक्षर अक्षर धरून म्हटलं, नाईक पांडुरंग मोहिते, आणि ते बरोबर होतं.

मी 'हो' म्हणालो. मग त्यानं पहिली गोळी सोडली.