काका गेले

मागच्या वर्षी नवऱ्याला हार्ट अटॅक आला, दोन स्टेंट बसले आणि आमच्या डोंबिवलीच्या घरात हुकूमशाही सुरू झाली. हुकूमशहा अर्थात मी. मीठ कमी, जिना बंद, भाजीची पिशवी उचलायची नाही, मॅच शेवटच्या ओव्हरपर्यंत बघायची नाही. तो बिचारा ऐकायचा. लग्नाआधी आम्ही दोघं पाठीवर सॅक टाकून डोंगरातून मनसोक्त भटकलेलो. तोच माणूस आता सोसायटीच्या बागेत फेऱ्या मारत होता आणि मी गॅलरीतून नजर ठेवून होते.

जानेवारीत त्याची स्ट्रेस टेस्ट नीट आली. डॉक्टर म्हणाले, "आता फिरा. छोटा डोंगरही चढा, फक्त दमानं." नवऱ्याने 'डोंगर' ऐकला, मी 'दमानं' ऐकलं. सव्वीस जानेवारी सोमवारी आलेली, म्हणजे सलग सुट्टी. त्याने मला न विचारता काशीदजवळ एका घरगुती मुक्कामात खोली सांगून टाकली आणि वर मलाच म्हणाला, "कोर्लईचा किल्ला चढायचाय मला. टेकडीएवढा आहे. तुला यायचं तर ये."

"यायचं तर ये म्हणे! गाडी कोण चालवणार?"

"मी."

"विसर."

शनिवारी सकाळी निघालो, स्टिअरिंगवर मी. शीळफाट्याला अडकलो ते अडकलोच. सगळं कल्याण-डोंबिवली आणि अर्धं ठाणं त्याच रस्त्यावर उतरलेलं. मागचे हॉर्न ऐकून माझं डोकं फिरलं, तर हा शेजारी बसून शिट्टी वाजवतोय. म्हटलं, शिट्टी बंद कर, दम लागेल. तो माझ्याकडे बघत राहिला आणि मग इतका हसला की मलाच काळजी वाटायला लागली.

रेवदंड्याचा पूल ओलांडला आणि रस्ता समुद्राला लागून धावायला लागला. एकीकडे नारळी-सुपारीच्या वाड्या, दुसरीकडे पाणी, इतकं जवळ की भरतीला चाकं भिजतील. मधेच सुकत घातलेल्या मासळीचा भपकारा यायचा. "समुद्र तुझ्या बाजूला आहे," तो कुरकुरला, "आणि तू बघतेयस समोरच्या टेम्पोकडे. काय उपयोग?" खरं सांगायचं तर मी टेम्पोकडेही बघत नव्हते. मी बघत होते त्याच्या कपाळाकडे, घाम येतोय का ते.

रविवारी सकाळी कोर्लईला पोचलो. दीपगृहाच्या मागून पायऱ्या सुरू होतात. तो पुढे, मी मागे. उन्हं अजून कोवळी होती, वारा गार होता, चढ खरोखरच फार नव्हता. पण एका वळणावर तो थांबला, दगडावर टेकला आणि टोपी काढून वारा घ्यायला लागला. झालं!

"बस झालं. आता इथून हलायचं नाही."

"अगं, नुसता श्वास घेतोय. घेऊ की नको?"

"घे. पण बसून. मी वर जाऊन दोन फोटो काढून येते, मग परत जाऊ."

"हो पुढे," तो टोपी घालत म्हणाला. "मी आलोच."

"आलोच नाही. इथेच!"

मी रागारागाने तरातरा वर गेले. वर पोचले, तीन बाजूंनी समुद्र पसरलेला, आणि फोन काढायला पर्स उघडली तर हाताला लागली ती गोळ्यांची डबी. छातीत दुखलं तर जिभेखाली ठेवायची ती गोळी. ती माझ्याकडे आणि तो खाली! काय म्हणावं मला? इतके दिवस डोळ्यांत तेल घालून जपलं, आणि नेमकं डोंगरात डबी घेऊन मी निघून आले. समुद्र राहिला तिथेच. मी पायऱ्या उतरत सुटले.

दगडावर तो नव्हता. तिथे ट्रॅकपँट घातलेली एक मुलगी बसून बुटाची नाडी बांधत होती.

"इथे एक गृहस्थ बसले होते," मी धापा टाकत विचारलं. "निळी टोपी?"

"हो हो," ती म्हणाली. "काका गेले."

आता मी कोण, ते सांगायला हवं. ठाण्यात एका विम्याच्या कचेरीत मी क्लेमच्या टेबलावर बसते. समोरची बाई खुर्ची ओढते, पदराने तोंड पुसते आणि म्हणते, "हे गेले." कुठे गेले, असं मी आजवर कुणाला विचारलेलं नाही. म्हणूनच आपल्याकडे घराबाहेर पडताना कुणी 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतं. माझ्या तोंडून सवयीचा प्रश्न निघाला.

"कधी?"

"आत्ताच. तुम्ही यायच्या थोडं आधी."

"काही त्रास झाला का?"

"छे हो! मस्त गप्पा मारत होते. मग पाणी मागितलं, दोन घोट प्यायले आणि गेले."

दोन घोट पाणी. तेही परक्या मुलीच्या हातून.

"जवळ कोण होतं?"

"कोणी नाही. एकटेच गेले."

मी मटकन खाली बसले. त्याला कुणी नेलं, कुठे ठेवलं, हे विचारायचं सुचलंच नाही. सुचलं ते एवढंच, की मी त्याच्यावर खेकसून गेले होते. शेवटचा शब्द 'इथेच!' आणि तोही बोट रोखून. मी पायरीवर बसून रडायला लागले, भर वाटेत, येणाऱ्या-जाणाऱ्यांसमोर.

ती मुलगी घाबरून उभी राहिली. तिच्या मागून तिची मैत्रीण धावत आली. "काय झालं काकूंना? काय बोललीस तू?"

"काही नाही गं! फक्त सांगितलं, काका गेले."

मैत्रिणीने माझ्या गळ्यातल्या मंगळसूत्राकडे पाहिलं, पर्समधून डोकावणाऱ्या औषधाच्या डबीकडे पाहिलं, आणि माझ्याजवळ उकिडवी बसत घाईघाईने म्हणाली, "अहो काकू, गेले म्हणजे... वर गेले!"

त्यावर मात्र मी हंबरडाच फोडला.

"वर म्हणजे किल्ल्यावर!" ती ओरडली. "बुरुजावर! चालत! तटाला धरून दुसरी पायवाट आहे ना, तिकडून! ते बघा!"

तिने माझी हनुवटी धरून मान वळवली. वर, आभाळाला टेकलेल्या तटावर, एक निळी टोपी होती. टोपीखालचा माणूस दोन्ही हात हलवत होता. वाऱ्यातून बारीकसा आवाज आला, "अगं, मी इथे आहे!"

काय वाटलं ते सांगते. जीव भांड्यात पडला म्हणतात ना, तो पडताना मला चक्क ऐकू आला. मी त्या दोघींना कवटाळलं. शहाडच्या होत्या पोरी. 'काका गेले' म्हणणारी अजून कानकोंडी होऊन "सॉरी काकू, सॉरी" करत होती आणि मी रडता रडता हसत होते. मग तिघी वर गेलो, त्याच पायऱ्या पुन्हा चढून. मला दम कसला तो लागला नाही.

तो बुरुजावर बसून चिक्की खात होता.

"अरे मेल्या!" माझ्या तोंडून निघालं आणि मी जीभ चावली. मग काय झालं ते त्याला सांगितलं. पोरी मधेमधे भर घालत होत्या. तो आधी हसला. 'वर गेले'ला तर गडाबडा लोळायचाच बाकी होता. पोरी फोटो काढायला पलीकडे गेल्या, तेव्हा चिक्कीचा तुकडा माझ्या हातावर ठेवत तो समुद्राकडे बघून म्हणाला, "रात्री तू माझ्या नाकाखाली बोट धरतेस ना, मला कळतं."

मला वाटायचं, तो गाढ झोपलेला असतो.

"तुझी चाहूल लागली की मी मुद्दाम जोरात श्वास घेतो," तो म्हणाला. "म्हटलं, हिला ऐकू जाऊ दे. हिची तरी झोप होऊ दे."

वर्षभर मी त्याची राखण करत होते आणि तो माझी. दोघंही जागे. मला त्याचा इतका राग आला आणि इतकी माया आली की मी ती चिक्की न चावता तशीच गिळली.

खोलीवर आलो. मालकीणबाईंनी सुरमईचं कालवण आणि भाकऱ्या वाढल्या, त्याने दोन भाकऱ्या खाल्ल्या, मी एका शब्दाने टोकलं नाही. जेवून तो आडवा झाला आणि त्याला लगेच झोप लागली. खरी झोप. श्वास अगदी हलका होता, शेजारी पडूनही ऐकू येत नव्हता. माझा हात उचलला गेला. मी तो परत उशीखाली घेतला आणि कूस बदलली.

उन्हं कलल्यावर त्याने मला हलवून उठवलं. चहा आणलेला.