पेनिआमिनाचा अंगठा

माझ्या नणंदेचा, सिएनीचा नवरा पेनिआमिना मला कधीच आवडला नाही. आमच्या सवाई बेटावर त्याच्यासारखा होड्या बांधणारा सुतार नव्हता आणि त्याच्यासारखा तोंडाळही नव्हता. पायाचा अंगठा सुजला की घर डोक्यावर घ्यायचा. नुसती चादर टेकली तरी बोंबलायचा.

"तुझ्या हातचं खाऊनच हे झालं!" असं सिएनीला म्हणायचा. सिएनी बिचारी काय करणार? त्याच्या बापाचे, आज्याचे सांधेही असेच धरलेले.

दवाखान्यातल्या नर्सने रक्त तपासलं, युरिक अॅसिड वाढलंय म्हणाली आणि गोळ्या दिल्या. "काका, दुखो न दुखो, ही रोज घ्यायची. सुरुवातीला दुखणं पुन्हा उसळेल. तेव्हा सोबत ही दुसरी घ्या, पण पहिली सोडू नका."

पंधरवड्यात दुखणं उसळलंच. "बायकांनी मिळून विष घातलं मला!" म्हणत त्याने सगळ्या गोळ्या डुकरांच्या खोपटामागे भिरकावल्या.

पुढे बोटांनाही गाठी आल्या. पटाशी हातात ठरेना. चिडून त्याने एक दिवस उकडलेला अळूचा कंद सिएनीच्या कपाळावर मारला. कपाळ धरूनच ती आमच्याकडे आली. तो मागोमाग काठी टेकत लंगडत आला, तर दारातूनच म्हणाली, "गोळ्या घेतल्याशिवाय तोंड दाखवू नकोस."

"घेतो! रोज घेतो! त्या नर्सचा खोटेपणा चव्हाट्यावर आणतो."

आणि खरंच दवाखान्यातून पुन्हा आणून घेतल्या, निव्वळ वैरापोटी. पाय सुजला की चर्चच्या पायरीवर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवायचा, "बघा, बघा तिचं औषध!" नर्स पुन्हा रक्त तपासायची, गोळी वाढवायची आणि निमूट शिव्या ऐकून घ्यायची. हळूहळू दाखवायला सूजच उरली नाही. मग त्याने पायरीवर बसणंच सोडलं.

वर्ष उलटल्यावर एका सकाळी समुद्राकाठच्या रस्त्याने तो आमच्या दारात येऊन उभा राहिला. हातात काठी नव्हती.

"काही गुण नाही त्या गोळ्यांना," तो गुरगुरला. "पाय आपोआप बरा झाला. चल घरी."

सिएनी कंद सोलत होती. तिने मान वर केली नाही.

"चालत आलास ना?"

"हो. मग?"

"मग चालत जा."

तो गेला. गोळ्या अजून घेतो म्हणे, रोज एक शिवी हासडून. होड्याही पुन्हा बांधतो. सिएनी मात्र आमच्याकडेच आहे.