उडी न मारणारे नाकतोडे

आमच्या घरात पाली फुकट होत्या. ट्यूबलाइटमागे दोन, देवघराच्या कोपऱ्यात एक. आपलं पोट आपण भरायच्या आणि कोणाला त्रास द्यायच्या नाहीत. तरीही ह्यांनी मुंबईहून एक पाल विकत आणली, तीही बुटाच्या खोक्यात, नवं बाळ घरी आणावं तशी छातीशी धरून.

सासूबाईंनी खोक्यात डोकावून पाहिलं. "अरे, पाल आहे ही!"

"आई, लेपर्ड गेको म्हणतात हिला. ही भिंतीवर चढत नाही."

"मग पाल असून उपयोग काय तिचा?"

लग्नानंतरच्या बारा वर्षांत सासूबाईंचं नि माझं एकमत झालेला तो पहिलाच प्रसंग.

ह्यांच्या साहेबांकडे फिशटँक होता, म्हणून आमच्याकडे काचेची पेटी आली. ह्यांनी कॉलेजरोडच्या सायबर कॅफेतून चाळीस पानं प्रिंट करून आणली आणि चक्क स्पायरल बाइंडिंग करून घेतलं. बल्ब किती वॉटचा, ओलसर कोपरा कुठे, कॅल्शियमची गोळी कशी कुटायची, सगळं तोंडपाठ. फक्त एक पान नजरेतून सुटलं होतं. ती पाल हलणारे, जिवंत किडे खाते, आणि आमचे हे झुरळ दिसलं की सोफ्यावर पाय वर घेतात.

तेव्हा वाचन ह्यांचं आणि किडे माझे, अशी वाटणी झाली. संध्याकाळी कॅनॉलच्या कडेच्या गवतात मी डबा घेऊन नाकतोडे पकडत असे. शेजारणी गच्चीतून बघायच्या. नाकतोडा मेला पकडू देतोय थोडाच! हात नेला की टुणकन दुसरीकडे. मग भुवयांच्या चिमट्यात धरून तो पेटीत हलवायचा. पाल म्हणजे पिल्लूच ते, बोटाएवढं. शेपटीचं टोक थरथरवून झेप घ्यायचं आणि निम्म्या वेळा तोंडात वाळूच यायची. नेम धरण्यात अगदी ह्यांच्यावर गेलं होतं.

पण मला ती आवडायला लागली, हेही सांगून टाकते. भिंतीवरच्या पालींना पापण्या नसतात, हिला होत्या. माझ्या तळहातावर पोट टेकून ती माणसासारखे डोळे मिटायची. महिनाभरात तिची शेपटी छान जाड झाली. चरबी शेपटीत साठते, ही पाल सुखात असल्याची खूण. एवढं मीही त्या पानांत चोरून वाचलं होतं.

चोरून, कारण मी काहीही बोलले की ह्यांचं ठरलेलं उत्तर असे, "तू वाचलंयस का याबद्दल?" बल्ब फार जवळ लागलाय म्हटलं, तरी तेच. एकदा ह्यांची चांगली फजिती व्हावी, अशी माझी मनापासून इच्छा होती.

दिवाळीनंतरच्या एका रविवारी हे मित्राच्या द्राक्षबागेत गेले, दिंडोरीला. परतले ते लोणच्याची बरणी नाकतोड्यांनी भरून.

"अर्ध्या तासात पन्नास! स्वतः पकडलेत मी! अगं, पळतच नाहीत. तू उगाच महिनाभर दमलीस."

माझं माहेर द्राक्षवाल्यांचं. छाटणीनंतर बागेत किती औषध मारतात, हे लहानपणापासून बघितलेलं. फवारलेल्या बागेत आई आम्हाला पाऊल टाकू देत नसे. नाकतोडा उडी मारत नाही म्हणजे काय, ते कळायला मला चाळीस पानं नको होती.

"अहो, त्या बागेत फवा..."

"तू वाचलंयस का याबद्दल?" हे हसून म्हणाले.

मी तोंड मिटलं. म्हटलं, करा काय करायचं ते. एखादा खाऊन ती ओकेल, हे घाबरून माझ्याकडे येतील, मग ऐकवीन. वाक्यसुद्धा तयार ठेवलं होतं.

ह्यांनी पहिल्यांदाच स्वतःच्या हाताने तिला भरवायला घेतलं. सासूबाईंना हाक मारून दाखवलं. एक नाही, चार भरवले. ते सुस्त नाकतोडे जागचे हलत नव्हते, तर चिमट्याने हलवून हलवून. त्या दिवशी तिचा एकही नेम चुकला नाही.

सकाळी ती उताणी पडून थरथरत होती. दुपारी गेली. हे रडले. मोठा माणूस, हमसून हमसून रडला. ते तयार वाक्य बाजूला ठेवून मी ह्यांना पाणी आणून दिलं.

त्या सोमवारी सहा तास लाइट नव्हती. बल्ब बंद पडला, गारठ्याने गेली, असं ह्यांनी पानं चाळून ठरवलं. कढीपत्त्याच्या कुंडीत पुरली. अजून पाहुण्यांना सांगतात, "लोडशेडिंगने मारली." पाहुणे मान हलवतात.

ह्यांच्या प्रत्येक वाक्याला नाक मुरडायची मला सवय आहे, आणि ती जायची नाही. फक्त या एका वाक्याला मुरडत नाही. ह्यांना खरंच माहीत नव्हतं. मला माहीत होतं.