बारा चपटी झाकणं

वीज तपासणीच्या कार्यालयात तिला चौदा वर्षं झाली होती, आणि तेवढ्या काळात एकच वाक्य तिने हजारदा तरी उच्चारलं असेल: "प्लग लावून झाकण बंद करून दाखवा." वायरमन मंडळींनी तिचं नाव झाकणबाई ठेवलं होतं. नावाचं तिला काही वाटत नसे. हजारदा सांगूनही कुणाच्या डोक्यात प्रकाश पडत नाही, याने मात्र तिचं डोकं उठे.

नियम तरी असा काय अवघड होता? घराबाहेर, जिथे पाणी थेट लागू शकतं, तिथल्या सॉकेटवर असं फुगीर झाकण हवं की प्लग आत असतानाही ते पूर्ण मिटेल. लोक बसवतात चपटं. सॉकेट रिकामं असताना ते छान मिटतं, प्लग खुपसला की आ वासून उभं. म्हणजे वीज वापरत नसाल तेव्हा संरक्षण, आणि वापराल तेव्हा रामभरोसे!

त्यात एका रोपवाटिकेची तपासणी तिच्याकडे आली, आणि तिथलं काम तिच्या सख्ख्या मोठ्या भावाने केलेलं. तपासणी दुसऱ्याला द्या, असं तिने साहेबांना सांगून पाहिलं. साहेब म्हणाले, दुसरा आहे कोण?

गेली. बारा सॉकेट, बाराही चपटी झाकणं.

"दादा, हे काय?"

"वर छप्पर आहे ना. पाऊस येतोय कुठून?"

"आडवा येतो. आणि इथे दिवसभर नळीने पाणी मारतात, ते काय छप्पर अडवणार?"

"बाईसाहेब, तुम्हाला पक्कड धरायला कोणी शिकवलं?"

"तूच. आता प्लग लावून झाकण बंद करून दाखव."

त्याने झाकण दाबलं. ते प्लगवर आपटून परत वर आलं. तो इरेला पेटला. तिसऱ्यांदा दाबलं तेव्हा बिजागरी तुटून झाकणच हातात आलं. रोपवाटिकेची मालकीण फिसकन हसली, आणि तिथेच सगळं बिनसलं. बहिणीने कागदावर 'नापास' लिहिलं. दादा सही न करताच निघून गेला.

संध्याकाळी आईचा फोन. आई दादाकडेच राहायची.

"चारचौघांत सख्ख्या भावाला नापास केलंस? एका झाकणापायी?"

"बारा होती, आई."

"तो जेवला नाहीये."

"भूक लागली की जेवेल!"

फोन ठेवला आणि तिला रडू आलं. स्वतःचाच राग आला, त्याचा आला, झाकणं बनवणाऱ्यांचाही आला. तिचा पहिला बोर्ड दादाने शेजारी बसून जोडून घेतला होता. तो बोलत नाही, हे तिला सोसवत नव्हतं. आठ दिवस गेले. तिने केलेले फोन त्याने उचलले नाहीत.

नवव्या दिवशी दुपारी त्याचाच फोन आला. "घरी ये. तपासणीची पिशवी घेऊन ये."

ती पोचली तेव्हा तो बाल्कनीत कपडे धुण्याच्या मशीनपाशी उकिडवा बसला होता. रोपवाटिकेसाठी फुगीर झाकणं आणताना त्याने चिडचिड करतच एक घरासाठी जास्त घेतलं होतं. ते बसवायला त्याने आपणच कधीकाळी लावलेलं चपट्या झाकणाचं जुनं सॉकेट काढलं. ते शेजारी पडलं होतं. आतून हिरवं पडलेलं, एका बाजूने जळून काळं. अर्थिंगची वायर गंजून तुटलेली.

"महिनाभर सांगतेय याला," आई दारातून म्हणाली, "मशीनला हात लावला की झिणझिण्या येतात. तर म्हणे, वयामुळे होतं."

दादाने मान वर केली नाही. "हो, मीच म्हणालो तसं," तो म्हणाला. "सगळं नवीन टाकलंय. वायर, अर्थिंग, झाकण. तू तपास."

तिच्याकडे सुनावायला पुष्कळ होतं, चौदा वर्षांचं साचलेलं होतं. तिने पिशवी उघडली. मीटर लावला. प्लग लावला, झाकण मिटलं, वरून तांब्याभर पाणी ओतलं. झाकण उघडून आत बोट फिरवलं. कोरडं होतं.

"पास," ती म्हणाली.

"परत एकदा बघ," दादा म्हणाला.

तिने तांब्या पुन्हा भरला.