बुरांशाखालची पट्टी

सिलिंगधारच्या उतारावर माघात आग लावायची ती खष्टीनेच. हे इतकं ठरून गेलंय की तिला ताप असला तरी बायका तिच्या दारात येऊन बसून राहतात. चिडाच्या झाडांखाली वर्षभर सुईसारखी पानं गळतात, त्यांना आम्ही पिरूळ म्हणतो. जमीन दवानं ओली असताना ते आपल्या हातानं जाळून टाकलं तर ठीक, नाहीतर वैशाखात ते पेटतं आणि मग घर बघत नाही की गोठा बघत नाही. आग वरून खाली न्यायची, एकेक पट्टी करत. चढणारी आग माजते, उतरणारी निमूट चालते. कडेला बायका हिरव्या डहाळ्या घेऊन उभ्या, जरा कुठे जीभ बाहेर आली की झोडपायची. त्या दिवशी खष्टीचा रुबाब काय विचारता! सरपंचालाही सुनावते, "डिगर दाज्यू, आधी ती बिडी विझवा आणि बाजूला व्हा."

अशा बाईच्या हातून गेल्या वर्षीच्या माघात जे झालं, ते दुसऱ्या कुणाच्या हातून झालं असतं तर तिनं त्या बाईला गावात तोंड दाखवू दिलं नसतं.

उताराच्या तळाशी, ओलाव्याच्या जागी, तिच्या लेकीचं झाड होतं. आमच्या मुली लग्नाच्या दिवशी माहेरी एक रोप लावून जातात आणि पुढे आई ते वाढवते. हेमंतीनं लाल फुलांचा बुरांश लावला होता. तिचा सासरहून, हल्द्वानीहून फोन आला की आधी बुरांशाची चौकशी, मग आईच्या गुडघ्यांची. झाड खष्टीच्या खांद्याला लागलं होतं.

त्या दिवशी खालच्या पट्ट्यांवर खष्टी आणि तिची धाकटी जाऊ माधुली, दोघीच होत्या. माधुलीची लेक घरी तापानं फणफणलेली, त्यामुळे हिचं निम्मं लक्ष घराकडे.

"जा गं तू," खष्टी म्हणाली. "उरलेलं मी बघते. इथं उभी राहून नुसती उसासे टाकतेयस."

"नक्की ना दीदी?"

"आता जातेस की हाकलू?"

माधुली पळाली. खष्टी पट्ट्या जाळत खाली आली आणि बुरांशापाशी थबकली. करायचं काय ते तिला पाठ होतं. दंताळ्यानं झाडाभोवती पिरूळ ओढायचं, मातीचं कडं करायचं, मग बिनघोर आग लावायची. दुसऱ्यांच्या झाडांभोवती तिनं हेच करायला लावलं होतं, वर शिव्याही घातल्या होत्या. पण वाऱ्याची एक झुळूक आली, बुरांशाची पानं हलली आणि तिचा हात काही धजेना. हातातलं जळतं लाकूड तिनं मातीत खुपसलं. उद्या निवांत करू, असं मनाशी म्हणाली. दुसऱ्या दिवशी बर्फ पडलं. मग गव्हाची कामं आली. आणि खरं सांगायचं तर तिला ते करायचंच नव्हतं.

वैशाखात सडकेकडून आग चढली. माघात जाळलेल्या जमिनीपर्यंत आली आणि दरवर्षीसारखी तिथंच भुकेनं मेली. बुरांशाखाली मात्र तिला वाट सापडली. तिथून ती सरळ शेजारच्या धनुली आमाच्या गोठ्यावर गेली. आमा म्हातारी, एकटी, जगात तिला एक म्हैस तेवढी. दावं कापायला कुणी पोचलंच नाही. ते हंबरणं सगळ्या गावानं ऐकलं.

दुसऱ्या दिवशी लोक राखेत उभे राहून बोट दाखवू लागले. "इथूनच शिरली. हा तुकडा माधुलीकडे होता ना? तीच तर मधून पळाली होती!"

माधुली खष्टीकडे वळली. "दीदी, मी कुठवर आले होते गं तेव्हा? इथलं माझ्याकडे होतं का?"

सगळे खष्टीकडे बघत होते. आमा जमिनीवर बसून होती.

"आता आठवत नाही गं," खष्टी म्हणाली.

एवढंच बोलली ती. पण त्या दिवसापासून तिचं अन्न गोड लागेना. माधुलीनं भांडण केलं असतं तर बरं झालं असतं. तिनं काय केलं, तर रोज सकाळी आपल्या गायीच्या दुधाचा लोटा भरून आमाकडे न्यायला लागली. वाट खष्टीच्या अंगणातूनच जाते. रोज तो लोटा समोरून जायचा आणि खष्टी चुलीत तोंड घालून फुंकत बसायची, चूल पेटलेली असली तरी. गावच्या बायका टोमणे मारायच्या, "काय माधुली, आज तरी काम पुरं केलंस की अर्ध्यात आलीस?" खष्टी त्यांच्यातून उठून जायची. ग्वेलदेवाच्या देवळावरून जाणं तिनं सोडलं. न्याय करणारा देव तो, त्याच्यासमोर कुठल्या तोंडानं जायचं! पाण्याला ती लांबच्या वाटेनं जाऊ लागली.

बुरांशही जळाला होता. पावसाळ्यात त्याच्या बुडातून लाल कोंब फुटले. हेमंतीला तिनं फोनवर सांगितलं, "छान आहे तुझं झाड." आणि फोन ठेवून कोंबांकडे पाहत म्हणाली, "तू बरा फुटलास रे मेल्या. म्हैस फुटणार आहे का परत?"

यंदा माघ आला. देवळाच्या अंगणात सगळे जमले, म्हणून खष्टीलाही यावंच लागलं. कामं वाटता वाटता सरपंच डिगरसिंह हसत म्हणाला, "माधुलीला यंदा सुट्टी! तिनं आपली घरी पोरं सांभाळावीत." बायका फिदीफिदी हसल्या.

हातातली डहाळी माधुलीनं हळूच भिंतीला टेकवली आणि पदर सावरत निघाली.

"थांब," खष्टी म्हणाली. "ती पट्टी हिनं नाही सोडली. मी सोडली. हिला मीच घरी धाडलं होतं. पोरीचं झाड जळेल म्हणून मी आग लावली नाही. आणि मला तेव्हा सगळं आठवत होतं."

डिगरसिंह जमिनीकडे बघू लागला. भिंतीशी बसलेल्या आमानं मान वर केली आणि पुन्हा खाली घातली.

खष्टीला वाटलं, माधुली आता ओरडेल, झिंज्या धरेल. धरू दे.

"दीदी," माधुली म्हणाली, "मला तर आठवायला लागलं होतं गं. मीच सोडली म्हणून. तिथं उभी होते, कंटाळा आला, सोडून दिली, असं सगळं दिसायचं मला. पोरीला जवळ घेतलं तरी तेच दिसायचं."

मग तिनं भिंतीची डहाळी उचलली आणि बाकीच्यांच्या आधी उताराकडे चालू लागली. खष्टीच्या मनात आलं, हाक मारावी. मारून काय बोलणार होती?

त्या दिवशी खष्टीनं बुरांशाभोवती मातीचं कडं केलं आणि त्या पट्टीला आपल्या हातानं आग लावली. कोंबांना धगही लागली नाही. इतकं सोपं होतं ते, आणि तिथंच बसून ती रडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दार उघडलं तर उंबऱ्यावर माधुलीचा लोटा होता. रिकामा, घासूनपुसून ठेवलेला. खष्टीनं तो घेतला, दूध काढलं आणि आमाकडे गेली.

आमा उन्हात बसली होती. माधुली आली की ती सरकून जागा करायची, "बस गं जरा," म्हणायची. आज ती जागची हलली नाही.

"ठेव तिथं," ती म्हणाली.

खष्टीनं लोटा ठेवला आणि परत आली. आता रोज ठेवते.